हुरडा निघेपर्यंत

यंदा गावात ज्वारी फक्त गुरप्पाच्या रानात होती, आणि ही बातमी माणसांच्या आधी पाखरांना लागली. बाकीच्यांनी कुणी ऊस लावला होता, कुणी तुरीवर भागवलं होतं, कुणी द्राक्षाचे मांडव घातले होते. शिवारभर ज्वारी असायची तेव्हा पाखरंही वाटून खायची आणि चार कणसं गेली तरी कुणी मनाला लावून घेत नसे. आता अख्ख्या शिवाराची पाखरं एका रानावर उतरायला लागली. चिमण्या होत्या, राघू होते, आणि उन्हं यायच्या आत भोरड्यांचे थवेच्या थवे यायचे. थवा एकदा बसून उठला की खाली ज्वारीच्या ताटांवर, धाटांवर, नुसती पोकळ कणसं उरायची.

लोक गुरप्पाला हसत होते. पण गुरप्पा हेकट माणूस. दावणीला दोन म्हशी आणि बैलजोडी, त्यांना कडबा आणायचा कुठून? शिवाय त्याच्या आईला, शरणम्माला, दुकानातल्या ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नव्हती. त्यानं पेरली ती पेरली. कणीस दुधात आलं आणि राखणीला माणूस शोधायची वेळ आली तेव्हा कळलं, की दिवसभर माळ्यावर उभं राहून बोंबलायला गावात कुणीच रिकामं नाही.

"माणूस घरातच हाय की," गुरप्पा बायकोला म्हणाला. "शिवा काय करलालाय?"

दानेश्वरी भाकरी थापत होती. नवरा म्हणत होता त्यात खोटं काहीच नव्हतं. शिवानंद, तिचा धाकटा दीर, गावातला एक नंबरचा राखणदार होता. चार मेढी रोवून बांधलेल्या उंच माळ्यावर उभा राहून त्यानं हाळी दिली की ती एसटीच्या थांब्यापर्यंत ऐकू जायची. गोफणीचा दगड तो असा सोडायचा की थवा उठायचा, पण पाखरू कधी मरायचं नाही. "खायाला आलंय, मरायला न्हाई," असं म्हणायचा.

आणि याच हाळीनं सगळ्यांना फसवलं होतं. माणूस घरात बसून एकटाच ओरडला तर शेजारी गोळा होतात. रानात माळ्यावर ओरडला तर लोक म्हणतात, पोरगा कामाचा आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी शिवानंद दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत ओरडत होता आणि घरचे त्याचं कौतुक करत होते. फरक ओळखला तो त्याच्या बायकोनं, काव्यानं. ती भाकरी घेऊन रानात गेली तर चिमण्या माळ्याच्या मेढीजवळच्या कणसांवर निवांत बसलेल्या, आणि शिवानंद आभाळाकडं तोंड करून "साकु, साकु" म्हणून ओरडत होता. साकु म्हणजे पुरे. घरात कानडी बोलायचा तो फक्त त्याचा बाप, आणि बाप वारून बरेच दिवस झाले होते. काव्यानं घरी येऊन सांगितलं तेव्हा दानेश्वरी हसली होती. "अगं, वरडायलाच ठिवलाय की त्याला."

पुढं ज्वारी निघाली, माळा मोडला, तरी शिवानंद रोज मोकळ्या रानात जाऊन उभा राहायचा आणि ओरडायचा. मग तो जेवेना. भाकरीत काव्या काहीतरी कालवते म्हणायचा. एक दिवस काव्याचा बाप शंकरप्पा वळसंगहून आला आणि लेकीला घेऊन गेला. त्याचं तरी काय चुकलं? गावात माणसाचं डोकं फिरलं की जो तो वैद्य होतो. कुणी अंगारा सांगितला, कुणी दर्ग्याची वाट दाखवली, कुणी पोटावर डाग द्या म्हणालं. डाग दिलासुद्धा. त्याचे वण शिवानंदच्या पोटावर अजून आहेत.

शेवटी उपयोगाला आली ती अंकिता म्याडम. सोलापूरच्या एका संस्थेची बाई, दर गुरुवारी स्कूटीवरून येऊन समाजमंदिरात बसायची. आसपासच्या वाड्यांची माणसं यायची. ज्याला झोप येत नाही असा म्हातारा यायचा, दाराला आतून कडी घालून बसणारी एक मास्तरीण यायची. गावातल्या टवाळांनी त्याला 'येड्यांचा गुरुवार' असं नाव ठेवलं होतं, त्यामुळं शिवानंद सुरुवातीला ओढ्याच्या अंगानं, मागच्या वाटेनं जायचा. अंकितानं त्याला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी तपासलं, गोळी सुरू झाली. रात्री जेवण झालं की एक.

ती गोळी तो फक्त दानेश्वरीच्या हातून घ्यायचा. ती या घरात लग्न होऊन आली तेव्हा शिवानंद चड्डी घालून शाळेत जात होता. त्याला न्हाऊ घालण्यापासून सगळं तिनंच केलेलं. भावाच्या हातून नको, आईच्या हातून नको. वैनीनं तळहातावर ठेवली की बिनबोभाट घशाखाली जायची. आणि गुण आला. शिवानंद दाढी करायला लागला, डेअरीला दूध घालायला लागला, गुरुवारी पुढच्या वाटेनं जायला लागला. काव्याशी फोनवर बोलायला लागला. शंकरप्पानं निरोप धाडला, की येळवसला आम्ही दोघं जेवायला येतो, जावयाला बघतो, आणि नीट दिसलं तर पोरीला तिथंच ठेवून जातो.

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी पहाटेचा स्वयंपाक उरकला की गावात चूल पेटत नाही असं म्हटलं तरी चालेल; सगळं गाव रानात जेवायला. शिवानंदनं त्या दिवसासाठी नवा शर्ट शिवून घेतला. पोरासारखा घडी मोडून पुन्हा घालून ठेवायचा.

आता अडचण अशी होती की गोळीनं त्याला झोप लागायची. सकाळी डोळे उघडायचे नाहीत, आणि भोरड्या तर तांबडं फुटल्यावर हजर. गुरप्पा त्याचं पांघरूण ओढायचा. शिवानंद धडपडत रानात जायचा, माळ्यावर चढायचा आणि तिथंच मेढीला टेकून पेंगायचा. गोफण मांडीवर तशीच. समोर थवा बसायचा, कुरकुर आवाज करत खायचा आणि उठून जायचा.

एकदा द्राक्षाच्या कामावर निघालेल्या बायकांसमोर गुरप्पानं त्याच्या अंगावर ढेकूळ फेकून मारलं. "गोळ्या खाऊन लोळायला बरं जमतंय," तो म्हणाला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

शिवानंद खाली उतरला. घरी येऊन दानेश्वरीला म्हणाला, "वैनी, डोळे लई जड हुत्यात. म्याडमला फोन करून इचारा की. त्या म्हनल्या हुत्या, झोप जास्त आली तर सांगा, डॉक्टर बगतील."

"करते," दानेश्वरी म्हणाली.

तिनं केला नाही. फोन तिच्याकडंच असायचा, अंकिताचा नंबर होता. पण सांगायचं काय? की दवाखान्यातनं आणलेल्या माणसाला आम्ही पाखरं राखायला माळ्यावर चढवलंय आणि तो पेंगतोय? म्याडमला काय वाटेल, या लोकांना माणूस नको, राबणारे हात हवेत. या लाजेपायी तिनं दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवून दिला. पुढं तिला सगळ्यात जास्त हेच खात राहिलं. चार शब्द बोलायचे होते, ते बोलली नाही.

त्या संध्याकाळी गुरप्पा रानातून आला आणि त्यानं कणसं तिच्यापुढं टाकली. दाणा नावाला नव्हता.

"हुरडा निघेपर्यंत त्याची गोळी बंद कर," तो म्हणाला.

"म्याडम म्हनल्या हुत्या, एक दिसबी चुकवायची न्हाई."

"म्याडम येनार हाईत का पाखरं हाकायला?"

"येळवसला काव्या येनार हाय वो."

"मग? तिला काय मोकळं रान दावायचं? आता बरा झालाय त्यो. बऱ्या मानसाला चार दिस गोळी न्हाई दिली तर काय हुतंय? दाना वाळला की पुन्ना चालू कर."

दानेश्वरीनं ती पोकळ कणसं सुपात गोळा केली. तिलाही वाटलं, बरा तर झालाय. आपला ताप उतरला की आपण औषध ठेवूनच देतो की. पण शिवानंद गोळी मागणार हे तिला माहीत होतं. एक वेळ जेवण विसरायचा, गोळी विसरायचा नाही. दानेश्वरीच्या गुडघ्यांसाठी आरोग्य केंद्राच्या आशाताईनं दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या फडताळात होत्या. त्याही पांढऱ्याच.

जेवण झाल्यावर शिवानंदनं हात पुढं केला. तिनं गोळी ठेवली.

"मोठी दिसती ही," तो म्हणाला.

"कंपनी बदलली म्हनं."

"असंल," तो म्हणाला आणि पाण्याबरोबर गिळून टाकली. ती भांडी घासायला बाहेर गेली आणि बराच वेळ एकच पातेलं घासत बसली.

खोटं कशाला सांगा, पहिले काही दिवस घरात आनंदीआनंद होता. शिवानंद अंधारात उठायचा, सगळ्यांच्या आधी रानात. हाळी पुन्हा थांब्यापर्यंत जायला लागली. भोरड्यांचा थवा टेकायच्या आत उठायचा आणि वळसा घालून उसावर जायचा. गोफणीच्या दोरीनं त्याच्या बोटांची सालं निघाली, तर त्यावर हळद लावून घेऊन हसायचा. "बगितलंस?" गुरप्पा बायकोला म्हणायचा. दानेश्वरीलाही बरं वाटायचं. कणसं टपोरी दिसायला लागली होती, आणि दीर पूर्वीसारखा तरतरीत. आपण उगीच भ्यालो असं तिनं स्वतःला सांगितलं.

गुरुवारी शिवानंद समाजमंदिरात गेला नाही म्हणून अंकिता स्कूटी बांधावर लावून रानात आली. ही पोरगी कुर्डुवाडीची, बाप रेल्वेच्या कारखान्यात. जन्मात कधी राखण बघितली नव्हती तिनं.

"गोळी चालू आहे ना, ताई?" तिनं दानेश्वरीला विचारलं.

"रोज की."

"झोप फार येते का? तसं असेल तर सांगा हं, वेळ बदलता येते, प्रमाण कमी करता येतं."

"न्हाई. आता न्हाई येत."

अंकितानं माळ्याकडं बघितलं. शिवानंदनं तिला हात केला आणि पुन्हा आभाळाकडं वळून मोठ्यानं हाळी दिली. त्यानंतर आणखी एक, आणि आणखी एक.

"केवढा आवाज आहे हो यांचा," अंकिता कौतुकानं म्हणाली.

"राखनीचाच आवाज हाय," दानेश्वरी म्हणाली. अंकिताला वाटलं असंच असतं. ओंजळभर कोवळे दाणे खाऊन ती गेली, आणि तिची स्कूटी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत दानेश्वरीची जीभ तोंडात वळवळत राहिली.

मग शिवानंद दुपारी खाली उतरेनासा झाला. दुपारच्या उन्हात पाखरं बाभळीत जाऊन बसतात, राखणदार उतरून भाकरी खातो, जरा पडतो. शिवानंद वरच उभा. भाकरीचं फडकं सोडलेलं नसायचं. डोळे तांबारले होते. घरी आला तरी एका कानानं दुसरंच काहीतरी ऐकत असल्यासारखा बसायचा. शरणम्मा म्हातारी म्हणाली, "शिवा पुन्ना बापाशी बोलतोय गं." दानेश्वरीला ते दिसत नव्हतं असं नाही. पण येळवस तोंडावर आली होती. तेवढी पार पडू दे, त्याच संध्याकाळी गोळी सुरू करते, असं तिनं ठरवलं. ज्या दिवसासाठी त्याला नीट ठेवायचं होतं, तोच दिवस उलटायची ती वाट बघत होती, आणि हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

येळवसला दानेश्वरीनं पहाटेपासून राबून सगळ्या भाज्या-डाळींची भज्जी केली, बाजरीच्या पिठाचे उंडे केले, ताकातली आंबील घुसळली. रानात ज्वारीच्या ताटांची खोप उभी केली, आत पाच पांडव म्हणून पाच खडे पुजेला मांडले. गुरप्पानं आंबील शिंपत रानाला फेरी घातली. शिवानंदला नवा शर्ट घालायला सांगितला तर त्यानं तो घातला, गुंड्या चुकीच्या लावल्या आणि माळ्यावर जाऊन उभा राहिला. "पावनं आलं की उतरतो," म्हणाला.

पाहुणे ऐन दुपारी आले. पुढं शंकरप्पा, डोक्याला पटका, हातात पेढ्यांचा पुडा. मागं काव्या, हिरवी साडी नेसलेली, काखेत कपड्यांची पिशवी. पिशवी दानेश्वरीनं लांबूनच बघितली. पोरगी राहायच्या तयारीनं आली होती. ती लगबगीनं बांधावर सामोरी गेली.

"ये गं बाई. किती वाळलीस. चल, त्यो बग तुजा नवरा, सकाळपास्नं वाट बगतोय."

काव्या दोन पावलं आली आणि थांबली. तिनं मान जरा तिरकी केली. माळ्यावरून आवाज येत होता, चढत होता, मध्येच फुटत होता.

"पाखरं राखतोय की," दानेश्वरी म्हणाली.

"अक्का," काव्या म्हणाली, "पाखरं कुटं हाईत?"

दानेश्वरीनं वर बघितलं. आभाळ निळंभोर, मोकळं. कणसांवर एक चिमणी नव्हती. शिवानंद त्या मोकळ्या आभाळाला हात जोडत होता आणि ओरडत होता, आणि आता तिलाही शब्द ऐकू आले. साकु, साकु.

काव्याचे डोळे भरले, पण ती रडली नाही. तिनं पिशवी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "चला अप्पा," बापाला म्हणाली.

येळवसच्या दिवशी रानात आलेलं माणूस न जेवता परत जात नाही. वैऱ्यालाही त्या दिवशी आंबील पाजतात. गुरप्पा पटका सावरत त्यांच्यामागं पळाला. "पावनं, दोन घास खाऊन तरी जावा. आवो, मानूस बगा तरी." शंकरप्पा घुटमळला, त्यानं पेढ्यांचा पुडा बांधावर ठेवला, हात जोडले आणि लेकीच्या मागं चालू लागला. शेजारच्या रानांतली माणसं जेवता जेवता बघत होती. माळ्यावरून शिवानंद बघत होता. उंचावरून सगळं दिसतं.

त्या संध्याकाळी दानेश्वरीनं खरी गोळी पुढं केली तर त्यानं ती थुंकून टाकली. मग त्याला सोलापूरला नेलं. दवाखान्यात अंकिता धावत आली. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या रोज घेत होता?" दानेश्वरीनं तोंड उघडायच्या आत गुरप्पा म्हणाला, "व्हय सायेब, रोज." डॉक्टरांनी मान हलवली. रोज घेऊनही असं झालं म्हणजे औषध कमी पडतंय, असं म्हणून त्यांनी गोळी वाढवली. आणखी एक जोडीला दिली. दानेश्वरी पदराचं टोक बोटाला गुंडाळत भिंतीला टेकून उभी राहिली. त्या वेळी बोलायला हवं होतं, पण ज्याच्यासंगं जन्म काढायचा त्या नवऱ्याला चारचौघांत खोटं कसं पाडायचं, असं तिला वाटलं. अंकितानं तिच्याकडं बघितलं होतं. दानेश्वरीनं नजर खाली घातली.

शिवानंद घरी आला तेव्हा ज्वारी काढणीला आली होती. आवाज बंद झाले होते, पण माणूस ढेपाळला होता. चालताना पाय ओढायचा. हात असा कापायचा की आमटीत बुडवलेला घास तोंडाशी जाईपर्यंत सांडायचा. मग तो सदऱ्यावरचा डाग पुसत बसायचा. तरी काढणीला आलाच. ज्वारी काढायची म्हणजे ताट मुळासकट उपटायचं, वाकून, दोन्ही हातांनी, दिवसभर. बाकीच्यांनी धरलेल्या ओळी, पाती, पुढं गेल्या, याची अर्ध्यावर. पीक मात्र चांगलं आलं होतं, असं पीक दोन-तीन वर्षांत नव्हतं.

दुपारी सगळी बाभळीखाली बसली. गुरप्पा बैलांना पाणी दाखवायला गेला होता. शिवानंदनं तांब्या दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायलं आणि तोंड पुसलं.

"वैनी, एक इचारू?"

"इचार की."

"येळवसला काव्या आलती का? का मला नुसतीच दिसली? हिरवं लुगडं हुतं. कवा कवा मला न्हाई त्ये दिसतंय, म्हनून इचारतोय."

दानेश्वरीनं हातातली भाकरी खाली ठेवली. "आलती," ती म्हणाली.

"मला बगून गेली?"

"व्हय."

तो काटकीनं माती उकरायला लागला. "मग तिला सांगा," तो म्हणाला, "वाट बगू नको म्हनावं. दुसरं काय करायचं त्ये कर. मी रोज गोळी घेतली वैनी, एक दिस चुकवली न्हाई, तुमीच देत हुता. तरीबी असं झालं. म्हंजे ह्ये जानार न्हाई. ह्ये आता मरूस्तोवर."

तो रागावला असता तर दानेश्वरीनं सोसलं असतं. तो आपल्याच नशिबावर सगळं घेऊन मोकळा झाला, हे तिला सोसवलं नाही.

"शिवा, तू घेतली न्हाईस," ती म्हणाली. "मी दिली न्हाई. ती मोठी गोळी माज्या गुडघ्याची हुती. हुरडा निघेपर्यंत तुला जाग राहावी म्हनून."

शिवानंदनं तिच्याकडं बघितलं. ओठ हलले, पण शब्द यायला वेळ लागला. हल्ली त्याला वेळ लागायचा.

"म्हंजे मी गोळीवर बरा हुतो?"

"बरा हुतास."

"चांगला बरा?"

"चांगला बरा हुतास रं," ती म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडली. शिवानंदनं तिची समजूत घातली नाही की तिला दोषही दिला नाही. तो आपल्या कापणाऱ्या हाताकडं बघत होता.

"ह्यो हात असा हुतोय त्ये मग कशापायी?"

"डॉक्टरनी गोळी वाढवली. आमी खोटं सांगितलं म्हनून."

"मग आता खरं सांगा की," तो म्हणाला. "मला घास धरता येईना झालाय."

तिथंच, बाभळीखाली बसून, दानेश्वरीनं अंकिताला फोन लावला आणि सगळं सांगितलं. दानेश्वरीला वाटलं, आता बाई तोडून बोलेल. तशी तयारी तिनं केली होती. अंकिता एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी त्यांना घेऊन या. मी डॉक्टरांशी बोलते." मग थांबून म्हणाली, "मी पण रानात आले होते ना, ताई. मलाही कळलं नाही."

बैल घेऊन गुरप्पा आला तेव्हा बायकोचा चेहरा बघूनच त्याला कळलं. त्यानं आकांडतांडव केलं नाही. कासरा खुंटाला बांधला आणि म्हणाला, "माजं नाव सांग तितं. मीच म्हनलो हुतो."

"हात माजा हुता," दानेश्वरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गोळी पहिल्यासारखी करून घेतल्यावर तिनं शिवानंदला गावच्या एसटीत बसवलं आणि आपण वळसंगची गाडी धरली. शंकरप्पाची पिठाची गिरणी चालू होती. काव्या डोक्याला फडकं बांधून डबे मोजत होती, भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. गिरणीच्या आवाजात बोलणं ऐकू जाईना, तेव्हा शंकरप्पानं पट्टा काढून गिरणी थांबवली. आणि मग एवढ्या शांततेत दळणाला आलेल्या दोन परक्या बायकांसमोर दानेश्वरीला सगळं सांगावं लागलं. कॅल्शियमच्या गोळीसकट. त्या बायका डबे घ्यायच्या विसरल्या.

काव्यानं मापावरचा डबा खाली उतरवला. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "म्हंजे गोळी नीट मिळाली की त्ये नीट राहत्यात?"

"राहतोय. देवाशपथ राहतोय. तू चल बाई. मी तुज्या पाया पडते."

"न्हाई अक्का," काव्या म्हणाली. तिनं डोक्याचं फडकं सोडलं आणि चेहरा पुसला. "मला त्येंची भीती वाटत हुती. आता न्हाई वाटत. पर त्या घरात मी येनार न्हाई, आनि त्येंनाबी तितं ठिवनार न्हाई. त्येंना हिकडं पाठवा."

शंकरप्पानं लेकीकडं बघितलं. जावई घरात ठेवून घ्यायचा म्हणजे गावाला चघळायला विषय. त्यानं जरा खाकरून घेतलं. "गिरनीत बसतील," तो म्हणाला. "काम हलकं हाय. सकाळी उशिरानं उठलं तरी चालतंय."

दानेश्वरी दुपारी घरी आली तेव्हा खळ्यावर आधी काढलेल्या ज्वारीच्या कडब्याची गंज रचायचं काम चाललं होतं. गुरप्पा वर उभा होता, शिवानंद खालून एकेक पेंढी उचलून देत होता. शरणम्मा सावलीत बसली होती. दानेश्वरीनं काव्याचं म्हणणं तिघांनाही ऐकू जाईल असं सांगितलं.

शरणम्मानं डोळ्याला पदर लावला. गुरप्पा वरच बसला. "आमचं पोरगं घरजावई," तो म्हणाला.

शिवानंदच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. मग त्यानं गंजीकडं बघितलं, रानात पसरलेल्या पेंढ्यांकडं बघितलं. पुन्हा वाकला, पेंढी उचलली, कापणाऱ्या हातांनी छातीशी धरली.

"एवढा कडबा गंजीला लागू दे वैनी," तो वर भावाकडं बघत म्हणाला. "अन्ना एकटा पडंल. मळनी झाली की जातो."

दानेश्वरी पुढं झाली आणि तिनं ती पेंढी त्याच्या हातातून काढून घेतली.

"न्हाई," ती म्हणाली. "आजच जा. साडेतीनची गाडी हाय."

तो तिच्याकडं बघत उभा राहिला. मग अंगावरचा भुसा झटकत पाय धुवायला गेला. दानेश्वरीनं पेंढी वर नवऱ्याकडं दिली आणि दुसरी उचलायला वाकली.